न पाहिलेलं पान

राज्यभरातल्या प्रौढ साक्षरता शिक्षकांना वाचन कसं शिकवायचं, याच्या प्रशिक्षणाचा आराखडा सात जणांची समिती करत होती. त्यात प्रौढांना प्रत्यक्ष शिकवलेली एकटी सुरभी वानखडे. बाकीचे पुण्याहून स्क्रीनवर दिसत, आणि ती कळंबच्या शाळेत, सगळे घरी गेल्यावर, रिकाम्या वर्गात बसून बोलत असे. आई गेल्यापासून घरी जाण्याची घाईही नव्हती.

आराखड्यात नमुना म्हणून एका शिकणाऱ्या बाईचं वाचन दाखवायचं ठरलं. सुरभीला लगेच गंगी आठवली. नेरकडच्या बंजारा तांड्यावरची, साठीची. सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई. गेल्या वर्षी सुरभीनेच तिची परीक्षा घेतली होती. गंगीने पुस्तकाचं पान एका दमात वाचलं होतं.

सुरभी शनिवारी तांड्यावर गेली. चित्रीकरणासाठी मोबाइल समोर ठेवला आणि सहज, पुस्तकाऐवजी स्वतः लिहिलेला कागद पुढे केला. सोपीच चार वाक्यं होती. कपाशी, विहीर, बाजार.

गंगीने कागद हातात घेतला. बोट पहिल्या शब्दावर ठेवलं आणि तसंच राहू दिलं.

"काय झालं, याडी?"

"हे पुस्तकात नाही बाई."

"नसू दे. अक्षरं तीच आहेत."

गंगी उठली, पेटीतून प्लॅस्टिकमध्ये घातलेलं प्रमाणपत्र आणलं. "ते पुस्तक मले पाठ झालतं. नात रोज वाचे, मी आयको. चित्र पाह्यलं की समजे कोणतं पान हाय. ह्या कागदावर काय लिवलं हाय, ते मात्र आजवर कोणी सांगितलं नाही."

'उत्तीर्ण', सुरभीने वाचून दाखवलं. खाली सही तिचीच होती.

पुढच्या आठवड्यात तिने आपल्या प्रौढांच्या वर्गातल्या पास झालेल्या अकरा जणांना तोच कागद दिला. नऊ जण अडले.

बैठकीत तिने ते सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, तुमच्या साक्षरता केंद्रात झालं असेल तसं."

"माझ्याच केंद्रात झालं. मीच पास केलं. म्हणून सांगते, प्रत्येक शिक्षकाने प्रशिक्षणातच एका शिकणाऱ्याबरोबर न पाहिलेलं पान वाचून बघावं. अक्षर आणि आवाज जुळतात का, ते तिथेच कळतं. दोन दिवस लागतील."

अर्धा दिवस मिळाला. तोही बऱ्याच चर्चेनंतर.

जिल्ह्यात मात्र बातमी वेगळ्याच रूपात पोचली. "सुरभीबाईनं सगळ्यांचे निकाल खोटे पाडले," असं केंद्रावर बोललं गेलं. शाळेत मधल्या सुट्टीत चहाचे कप यायचे, तिच्यासमोर गप्पा थांबायच्या. एकदा शाळेतल्याच शिक्षिका कोकिळाबाईंनी विचारलं, "काहून केलं तुम्ही हे? आपल्याच माणसांचं?" सुरभीकडे उत्तर होतं, पण ऐकायला त्या थांबल्या नाहीत.

यवतमाळला प्रशिक्षणाच्या पहिल्या तुकडीत चाळीस शिक्षक होते. जेवताना तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या मोकळ्या राहिल्या. अर्ध्या दिवसाच्या सत्रात मात्र कोणी चेष्टा केली नाही. वाचायला समोर बसवलेली शिकणारी माणसं खरी होती, आणि अडखळत होती.

दर शनिवारी ती गंगीकडे जातच राहिली. एकेक आवाज नव्याने. गंगी चिडे, "आता या वयात कायले?" आणि पुन्हा बोट ठेवी.

एके दुपारी केळापूरहून पूनमसिंग सरांचा फोन आला. तुकडीत मागच्या ओळीत बसलेले. आवाज कोरडा होता. "मॅडम, मी पास केलेल्यांतले सात अडले. आता काय करू?"

सुरभी वर्गाच्या पायरीवर बसली. "आधी एकाचंच सांगा, सर. कोणत्या अक्षरावर अडतात?"

तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला. ती वाट पाहत राहिली.