साडेतीन हजार किल्ल्या

धाकटीचे वडील कुलूपवाले. चुकीच्या कापलेल्या किल्ल्या आणि कुलूप बदलल्यावर लोकांनी टाकून दिलेल्या, अशा सगळ्या त्यांच्या दुकानात डब्यांत साठत. तिने शाळेत असतानाच दोन पितळी किल्ल्या घासूनपुसून कानात अडकवल्या. आई ओरडली, "अगं, कान तुटतील!" कान काही तुटले नाहीत, पण नाद लागला तो लागलाच.

पुढे ती नोकरी सांभाळून दागिने करू लागली. किल्ल्यांच्या कडा कानशीने गुळगुळीत करायच्या आणि सायकलच्या जुन्या साखळीत अडकवायच्या. आधी मैत्रिणींनी घेतले, मग मैत्रिणींच्या सासवांनी. बत्तिसाव्या वर्षी तिने नोकरी सोडली, तेव्हा वडील आठवडाभर तिच्याशी फक्त हवेबद्दल बोलले.

मग एका कलादालनाने तिला अख्खी खोली दिली. चार महिने खपून तिने छतापासून साडेतीन हजार किल्ल्या टांगल्या. मधून चाललं की खोलीभर किणकिणाट.

उद्घाटनाला पाहुणे जमले आणि पहारेकऱ्याने दाराची किल्ली कुलपातच मोडली. अर्धी हातात, अर्धी आत.

"एवढ्या किल्ल्यांतली एखादी लागेल की," व्यवस्थापकबाई म्हणाल्या.

"त्या सगळ्या आत आहेत," धाकटी म्हणाली. रडावं की हसावं, तिला कळेना.

मागे इस्त्रीच्या शर्टात अवघडून उभे असलेले वडील पुढे आले. "सरका जरा." त्यांनी खिशातून बारीक आकडा काढला.

"इथेही हत्यारं घेऊन आलात?" आई कुजबुजली.

दोन मिनिटांत तुकडा बाहेर आला, मग आकडा फिरवताच दार उघडलं. टाळ्या पडल्या. वडील लाजून चूर.

मग ते आत शिरले ते बाहेर यायचं नावच घेईनात. एकेक किल्ली हातात धरून निरखत होते. "ही माझी. ही पण माझीच. हिचा दात चुकला, तेव्हा नवखा होतो मी." डोळे मात्र पुसत होते.

एका पाहुणीने विचारलं, "आपण कलाकाराचे कोण?"

"कच्चा माल पुरवतो," ते ऐटीत म्हणाले.

त्या प्रदर्शनानंतर तिला कामांची ददात राहिली नाही. सध्या बसडेपोच्या भिंतीवर मोडक्या आरशांचं काम चाललंय. वडील दुपारी दुकान बंद करून तिकडे जातात, कुठला आरसा कुठे यावरून बापलेकीची रोज जुंपते, आणि आई दोघांचा डबा एकत्रच पाठवते.