जयाची उलटतपासणी

"तुमचं दुसरं लग्न झालंय. खरं की खोटं?"

विमा कंपनीच्या वकिलानं हे असं विचारलं, की जणू चहात साखर चालते का विचारतोय. जया साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होती. तिनं कठडा घट्ट धरला.

"न्हाई जी."

"शिनोलीतच एका माणसाशी तुमचा पाट लागलाय आणि तुम्ही ते कोर्टापासून लपवताय."

"न्हाई लागला!" आवाज एवढा चढला, की दारातला पट्टेवालासुद्धा वळून बघायला लागला.

जजसाहेबांनी टायपिस्टला शांतपणे सांगितलं, "लिहा. माझा पुनर्विवाह झालेला नाही. मी पुनर्विवाह लपवून ठेवला, हे म्हणणे खरे नाही." टकटक वाजलं आणि थांबलं. ऐन उमेदीची सहा वर्षं दोन ओळींत बसली. जयानं खाली सही केली.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. म्हणणाऱ्याच्या बापाचं काय जातंय! जयाचा नवरा ज्ञानेश्वर मंचरच्या बाजारातून मोटरसायकलवर घरी निघाला होता. मागून ट्रक आला. म्हातारा बाप, तरणी बायको आणि चार वर्षांची मोहिनी, यांना कुणी विचारलं होतं, बाबांनो, पायरी चढता का म्हणून? नुकसानभरपाईचा दावा लागला आणि खेडच्या कोर्टाच्या वाऱ्या सुरू झाल्या. दर खेपेला सासरा गेणू धुतलेली टोपी घालून बरोबर यायचा. जया त्याला तात्या म्हणायची.

मधल्या काळात सोपाननं मागणी घातली. सोपान म्हणजे शिनोलीतला पिठाची गिरणी चालवणारा, बायको बाळंतपणात गेलेली. माणूस कमी बोलायचा. दळणाबरोबर मोहिनी आली की आधी हातावरचं पीठ झटकायचा आणि मग तिच्या डोक्यावर हात ठेवायचा. एवढ्यावरच जया भाळली म्हणा हवं तर. भाळायला याहून जास्त काय लागतं?

गेणूनं ऐकून घेतलं होतं. मग म्हणाला होता, "माझं काय न्हाई, पोरी. पर थोरलं वकीलसाहेब म्हनलं, केस चालू हाय तवर पाट लावायचा न्हाई. पाट लावला की बाई मेलेल्या नवऱ्याची ऱ्हात न्हाई. केस बुडंल. मोहिनीच्या शिक्षनाचं काय मग?"

जयाला ते पटलं. रीत तिला ठाऊकच होती. पाट लावून गेलेली बाई पहिल्या घरावरचा हक्क उंबऱ्यातच सोडून जाते. वाडवडील असंच सांगत आले, मग कायदा वेगळं काय सांगणार? तिनं सोपानला निरोप धाडला. त्याचा उलटा निरोप आला, "थांबतो की. तारखा काय जल्मभर पडनार हायेत?"

पडल्या! कधी पोलिसांचे कागद आले नाहीत, कधी कंपनीचा वकील आला नाही, एकदा जजसाहेबांचीच बदली झाली. मग थोरले वकील वारले. सोपान तीन वर्षं थांबला आणि या माघात त्यानं लग्न केलं. त्याला दोष द्यायला जयाची जीभ वळली नाही. तेव्हापासून ती दळण मात्र घोडेगावला नेते. गावातली बायामाणसं हसतात, गिरणी दारात आणि ही बया डबा घेऊन एस्टीत. हसू देत.

साक्ष संपवून जया व्हरांड्यात आली. आरती मॅडम मागोमाग आल्या. त्या थोरल्या वकिलांच्या हाताखाली तयार झालेल्या, आता केस त्यांच्याकडे होती.

"छान बोललात, जयाताई. अजिबात घाबरला नाहीत."

"मॅडम, एक इचारू? मी लगीन केलं असतं, तर केस बुडली असती ना?"

तिला फक्त 'हो' ऐकायचं होतं. सोपान वाया गेला नाही, पोरीच्या कारणी लागला, एवढं तरी मग मनाला सांगता आलं असतं.

"छे हो! दुसरं लग्न केलं म्हणून पहिला नवरा गेल्याचं नुकसान भरून येतं का? ते विचारतात, विचारायचं म्हणून. कोण म्हणालं तुम्हाला?"

"थोरलं वकीलसाहेब."

"सर? शक्यच नाही. मला हे सरांनीच शिकवलंय." आतून दुसऱ्या केसचा पुकारा झाला. मॅडम जाता जाता म्हणाल्या, "आता युक्तिवाद, मग निकाल. कंपनी हायकोर्टात गेली तर मात्र अजून थोडा वेळ लागेल."

गेणू बाकावर बसून स्वतःच्या चपलांकडे बघत होता. जया त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तात्या, तुमी इचारलं व्हतं ना वकीलसाहेबास्नी?"

म्हाताऱ्यानं चपला बाकाखाली सरकवल्या.

"तात्या!"

"न्हाई इचारलं."

"मग त्यांचं नाव का घेतलं?"

"मला वाटलं, आपली रीत तीच कायद्याची असंल."

"वाटलं, तर इचारायचं व्हतं."

"आन ते म्हनलं असतं, जाऊ द्या तिला, काय बिघडत न्हाई, तर?" गेणूनं डोक्यावरची टोपी काढली. "तू गेली असती. मोहिनी गेली असती. पोरगं गेलं, म्हातारी गेली. त्या घरात मी भिताडाशी बोलू का? म्हनून न्हाई इचारलं."

जयाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण तोंडातून शब्द निघाले ते भलतेच, अगदी हळू.

"गिरनी काय काशीला व्हती का वो, तात्या? हाकेवर व्हती. दोन्ही टायमाची भाकरी मी आनून दिली असती. मोहिनी तुमच्याच वट्यावर खेळली असती. जाऊ नको म्हनायचं तरी व्हतं मला."

गेणू टोपीनं डोळे पुसायला लागला. तिला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच जास्त राग आला. रागावून तरी जायचं कुठं? सोपानचं दार बंद, माहेरात भावजयीचं राज्य, आणि मोहिनी शाळेतून येऊन वाट बघणार ती याच म्हाताऱ्याच्या ओट्यावर. रात्रीच्या भाकरी तिलाच थापायच्या होत्या, त्याच्या वाट्याच्या धरून.

स्टँडवर भीमाशंकर गाडी लागली तशी झुंबड उडाली. एरवी जया पुढं घुसायची, शेजारच्या सीटवर पिशवी टाकायची आणि कुणी कितीही भांडलं तरी गेणू चढेपर्यंत ती जागा सोडायची नाही. म्हाताऱ्याच्या गुडघ्यांत दम नव्हता. आज ती खिडकीशी बसली आणि पिशवी मांडीवरच ठेवली. शेजारी मंचरला निघालेली एक बाई बसली.

गेणू सगळ्यांत शेवटी चढला आणि दांडा धरून उभा राहिला. कंडक्टर आला.

"म्हातारबाबा तुमच्याबरोबरचे का, ताई?"

"व्हय. सासरे हायेत माझे," जया म्हणाली, पण उठली नाही.

मंचरला ती बाई उतरली, घोडेगावला निम्मी गाडी उतरली. जयाच्या शेजारची जागा मोकळी पडली. गेणूनं त्या जागेकडं पाहिलं, मग जयाकडं पाहिलं. जया बस म्हणाली नाही. बसू नको असंही म्हणाली नाही.

तो शिनोलीपर्यंत उभाच राहिला.