दिलेलं गाव

नाला ओलांडून कय्युम वर चढला आणि तिथेच थबकला. गावातून पिंजणाचा आवाज येत होता. पिंजण तर त्याच्या स्वतःच्या खांद्यावर होतं. धानोऱ्यात गाद्या-रजयांचा कापूस पिंजायचा तो कय्युम पिंजाऱ्यानेच. त्याच्याआधी त्याच्या बापाने आणि बापाआधी आजाने. आणखी कोणी तिथे यायचं काही कारणच नव्हतं.

आवाजाच्या रोखाने तो तरातरा निघाला. आवाज येत होता जमुनाबाईच्या अंगणातून, आणि हे त्याला जास्त लागलं. थंडीच्या दिवसांत पहिली रजई पिंजायची ती जमुनाबाईची, हा दोन्ही घरांचा जुना परिपाठ होता. अंगणात एक हडकुळा परका माणूस मांडी घालून कापूस पिंजत होता. त्याची बायको शेजारी खोळ शिवत बसली होती. पिंजलेल्या ढिगाच्या उबेला दीडेक वर्षाची एक पोर झोपली होती.

कय्युमला पाहून जमुनाबाई ओशाळली. “मी नही बलावं रे भाऊ,” ती म्हणाली. “पाटीलनी धाडा. म्हने अर्ध्या मजुरीमा करस.”

दलपत पाटील ओट्यावरच बसले होते. त्यांना ओशाळायचं काही कारण दिसेना. “काबरं, वाईट काय शे त्यान्हामा?” ते म्हणाले. “तुले देतस त्यान्हा निम्मा दानामा तो राजी शे. गावले परवडस.”

पिंजाऱ्यांची रीत पाटलांना ठाऊक नव्हती असं नाही. नंदुरबारच्या पिंजाऱ्यांत गावं वाटलेली होती आणि बापाचं गाव मुलाकडे यायचं. दुसऱ्याच्या गावातून नुसतं जायचं असलं तरी शिवेवर पिंजणाची तात सैल करावी लागे. तात म्हणजे कमानीला ताणून बांधलेली आतड्याची दोरी. तीच वाजते आणि तीच कापूस फोडते. परक्याने कोणाच्या गावात ती वाजवलीच, तर ज्याचं गाव त्याने ती आपल्या हाताने कापायची, आणि मग जमातीतला कोणीही त्या माणसाला दुसरी तात द्यायचा नाही. पिंजाऱ्याच्या लेखी याहून मोठी शिक्षा नव्हती.

रागाच्या भरात कय्युमने कमरेची सुरी काढली. गोणीची शिवण उसवायची ती लहानशी सुरी. तो परक्याच्या पुढ्यात गेला. पण त्या माणसाला रीत कुठली ठाऊक? तो पिंजण टाकून उठला आणि बायको-पोरीच्या पुढे उभा राहिला. दोन्ही हात पसरून.

“मुझे मारना हो तो मारो, भाईजान,” तो म्हणाला. “इनको जाने दो.”

कय्युमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उभ्या जन्मात त्याने कोंबडी कापली असेल तेवढीच, आणि इथे एक माणूस त्याला खुनी समजून उभा होता. त्याने घाईघाईने सुरी खोचली.

“मारस नही रे,” तो कसाबसा म्हणाला. “बस खाले. पोर ऊठी जाई.”

त्या माणसाचं नाव जहीर. तोही पिंजारीच, मारवाडातला. तिकडे दुसऱ्या वर्षीही पाऊस नव्हता. गुरं गेली, मग आई गेली, मग ही तिघं सुरतेपर्यंत चालत आली आणि तिथून रेल्वेच्या रुळाच्या कडेकडेने नंदुरबारला. शिवेवर तात सैल करायची असते हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या मुलखात तशी रीत नव्हती.

“शुक्रवारले जमात बसी,” कय्युम म्हणाला. “तठे ये. तोपावत वाजाडू नको.” मग तेच त्याने मोडक्यातोडक्या हिंदीत पुन्हा सांगितलं.

घरी आल्यावर त्याच्या बायकोने, हाजराबीने, त्याला फैलावर घेतलं. तिचंही खरं होतं. एकेकाळी कय्युमकडे पाच गावं होती. बाजारात गिरणीची कांबळी आली, लोक तीच घेऊ लागले, आणि राहिली दोनच गावं. त्यातलं नदीकाठचं गाव मूठभर घरांचं. वर्षाचं धान्य यायचं ते धानोऱ्यातूनच. शिवाय रूईच्या धुळीने कय्युमची छाती भरलेली.

“कापी काबरं नही टाकी तात?” ती म्हणाली. “तू दया करशी, आनि चूल मी कसावर पेटाडसू?”

दुसऱ्या दिवशी हाजराबी स्टेशनामागच्या चिंचेखाली गेली, जहीरचं बिऱ्हाड उतरलं होतं तिथे. आपल्या पोटावर पाय देणारी माणसं दिसतात तरी कशी, ते बघून चार शब्द सुनावायला. परत आल्या आल्या तिने स्वतःच्या अंथरुणातली गोधडी काढली, झटकली आणि काखेत मारली.

“कोठे चालनी?” कय्युमने विचारलं.

“पोरले खोकला शे,” ती म्हणाली आणि डोळ्याला पदर लावून निघाली. त्या दिवसापासून एका गोधडीत दोघं झोपू लागली.

शुक्रवारी नमाजानंतर जमात बसली. जहीर दाराशी उकिडवा बसला होता. जमातीचे प्रमुख चाचा म्हातारे होते, पण पाषाणहृदयी नव्हते. त्यांनीच आधी जहीरला पाणी दिलं, जेवला का विचारलं, आणि मग बोलायला लागले.

“दुःख माले बी व्हस. पन आज एकले बठाडं तं उद्या दहा येतीन. अर्ध्यामा काम करतीन. आपला दोन घरं पिंजन टांगीसन हमालीले गयात. उरेलस्नी काय खावानं? दाना जितला शे तितलाच शे ना?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. कय्युमनेही डोलावली. चाचांचं बोलणं त्याला पटत होतं, हीच तर पंचाईत होती. पटलं नसतं तर भांडता आलं असतं.

“तात काप आनि मोकळा व्हय,” चाचा म्हणाले. “मंग वर्गणी करूत, वाटखर्चीले देऊत.”

“वाटखर्ची कोठली?” कय्युम म्हणाला. “तो जाई कोठे?”

जहीरला अहिराणी कळत नव्हती. तो प्रत्येक बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत होता, निकाल कुठल्या तोंडातून येईल याचा अंदाज घेत. कय्युम त्याच्याकडे बघत राहिला. आपणही एखाद्या परक्या मुलखात असेच दाराशी बसलो असतो तर, असं त्याच्या मनात आलं.

“चाचा, धानोरं मन्हं शे ना?”

“तुन्हंच शे.”

“मंग मी ते याले दिधं.”

एकच गलका झाला. गावासाठी भाऊ भावांशी भांडले होते, पण गाव दिल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. चाचांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

“आनि तू काय खाशी?”

“हात शेतस अजून,” कय्युम म्हणाला. “पन एक शर्त शे. मी जी मजुरी लेस, तीच यानी लेवानी. एक पसा दाना कमी लिधा तं मी सोता जाईसन तात कापसू. बाकीना गावस्ना भाव मोडाले नको.”

“शर्त बरोबर शे,” चाचा म्हणाले. “पन ध्यानमा ठेव कय्युम. दिधेल गाव परत मागता येत नही. तठलं एक उशीनं काम बी मंग तुन्हं नही.”

“माले मालूम शे.”

कोणीतरी जहीरला हिंदीत सगळं सांगितलं. त्याला ते आधी खरंच वाटेना. मग तो कय्युमचे पाय धरायला आला. कय्युमने त्याला वरच्या वर धरलं आणि थोडा करडेपणाने म्हणाला, “शर्त याद रखना.” मनातून त्याला रडू येत होतं, धानोऱ्यासाठी.

पूर्ण मजुरी ऐकून दलपत पाटलांचं तोंड वाकडं झालं. स्वस्तातला पिंजारी त्यांच्या हातचा गेला होता. चार दिवस गावाने हात आखडता घेतला, मग थंडीने जोर केला आणि घरोघरच्या रजया मुकाट्याने अंगणात आल्या. कय्युम स्टेशनच्या मालधक्क्यावर शेंगांच्या गोण्या उचलू लागला. दोन गोण्या झाल्या की त्याला दम लागे. मुकादम चांगला होता, काही बोलायचा नाही.

पुढच्या थंडीत, बाजारच्या दिवशी, जमुनाबाई डोक्यावर भलं मोठं गाठोडं घेऊन नंदुरबारला कय्युमच्या दारात उभी राहिली. नातीचं लग्न ठरलं होतं. मांडवात द्यायची रजई कय्युमच्याच हातची हवी होती.

“मन्ही माय लगीनमा रजई लयनी, ती तुन्हा आजानी भरेल,” ती म्हणाली. “जहीरले नही समजाव. मी कोनले नही सांगं.”

कय्युम त्या दिवशी घरीच होता. छातीत दुखत होतं म्हणून कामावर गेला नव्हता. घरातली ज्वारी संपत आली होती. हाजराबीने लगबगीने अंगण झाडायला घेतलं, कापूस पसरण्याइतकी जागा केली, आणि खराटा हातात धरून नवऱ्याकडे बघत उभी राहिली.

कय्युमने गाठोडं सोडलं. आत कोपरापर्यंत हात घातला. एक बट ओढून बोटांत ताणून पाहिली. कापूस लांब धाग्याचा होता, मऊ आणि स्वच्छ. असा कापूस पिंजायला मिळावा म्हणून पिंजारी वर्षानुवर्षं वाट बघतो. त्याने हात बाहेर काढला आणि गाठोडं पुन्हा नीट बांधलं.

“माय, हाई जहीरकडे दे.”

“त्यान्हा हात तुन्हासारखा नही रे!”

“मन्हा बी पहिले नव्हता. तुन्हाच रजया खराब करीसन मी शिकनू.”

जमुनाबाई हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. कय्युमने गाठोडं छातीशी धरून उचललं, क्षणभर तसंच धरून ठेवलं आणि तिच्या डोक्यावर चढवलं. तोल सावरेपर्यंत त्याने हात काढला नाही. ती वळणाआड गेली तरी तो तिथेच उभा होता.

हाजराबीने खराटा भिंतीला टेकवला. तिला राग आला होता, आणि त्या रागातच तिला नवऱ्याचा अभिमानही वाटत होता. ती जवळ आली आणि त्याच्या सदऱ्याच्या बाहीला चिकटलेली रूई टिपू लागली. या थंडीत त्याच्या अंगाला लागलेली पहिलीच रूई.

कय्युमने तिचा हात हळूच बाजूला केला.

“ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “आजना दिन ऱ्हाऊ दे.”