सहा माणसांची गाडी

तिने गाडीचं दार इतक्या जोरात लावलं की शोरूममधल्या चारपाच जणांनी माना वळवल्या. गाडी नवीकोरी होती, सीटवरचं प्लास्टिकही अजून निघालं नव्हतं.

"मॅडम, जरा हळू," विक्रेता म्हणाला.

"हळूच लावलंय. मला आधी सांगा, मधल्या रांगेत दोनच खुर्च्या का?"

"हे सहा सीटचं मॉडेल आहे. ऐसपैस बसता येतं. सरांनी गेल्या आठवड्यात सहा माणसं सांगितली, म्हणून हीच मागवली."

त्याने फॉर्म पुढे केला. 'कुटुंबातील व्यक्ती' या छापील शब्दांपुढे तिच्या नवऱ्याच्या गोल, शाळकरी अक्षरात आकडा होता : ६.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात माणसं सात. ती दोघं, तीन मुली, सासूबाई आणि वडील गेल्यावर वर्षापूर्वी राहायला आलेली तिची आई. सातातून कुणाला वगळलं असेल हे सांगायला ज्योतिषी नको होता. आज सकाळीच मुलींच्या वेण्या घालता घालता आई म्हणाली होती, "मला गाडी लागते गं. मी आपली घरीच बरी." म्हणजे आईला कळलं होतं. तिलाच कळलं नव्हतं.

नवरा पुढे वाकून बॉनेटवरचा कुणाच्या तरी बोटाचा ठसा स्वतःच्या रुमालाने पुसत होता. बावीस वर्षं तो एका कंपनीच्या पाहुण्यांना मोठ्या गाडीतून नेत-आणत होता. महिनाभर दोघांचं नव्या-जुन्या गाडीवरून वाजत होतं. ती म्हणायची, जुनी घेऊ, याच दुकानाच्या मागच्या आवारात चार वर्षं वापरलेली, सात सीटची चांगली उभी आहे. एरवी तिच्या शब्दाबाहेर नसलेला हा माणूस इथे मात्र अडून बसला. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या पुसल्या, एक तरी अशी हवी जिच्यात आधी कुणी बसलेलं नाही, असं तो म्हणाला आणि ती विरघळली. आता तिला त्या विरघळण्याचाही संताप आला.

"अहो, इकडे या. घरात माणसं किती आपण?"

"सहा."

"पुन्हा सांगा."

"सहा. अगं, ओरडतेस काय? लोक बघतायत."

"बघू देत! माझ्या आईला कुठे बसवणार होतात, टपावर? तुमच्या आईची औषधं ती बघते, पोरींना ती भरवते, आणि फिरायला जायचं म्हटलं की ती माणसांत नाही? अडचण होत होती तर तोंडावर सांगायचं होतं!"

त्याने रुमालाची घडी घालून खिशात ठेवली.

"तुझ्या आईला तर मी पुढे बसवणार होतो. गाडी लागणाऱ्याला पुढे त्रास कमी होतो." त्याने बोटं मुडपली. "तुझी आई, माझी आई, दोन. तीन पोरी, पाच. तू, सहा."

तिने त्याच्या मुडपलेल्या बोटांकडे पाहिलं.

"आणि चालवणार कोण?"

"मी."

"मग?"

"मग काय? सहाच झाली ना माणसं. त्यात ड्रायव्हर कुठे धर..."

तो थांबला. कंपनीत रोज सकाळी त्याच्या हातात चिठ्ठी पडायची, आज माणसं चार, आज माणसं सहा. जेवणाची पाकिटंही तेवढीच यायची. घरून डबा नेणं का चुकत नाही असं तिने एकदा विचारलं होतं, तेव्हा तो हसला होता.

"नव्यात या किमतीला सात सीटची येत नाही, सर," विक्रेता हळूच म्हणाला.

राग आता कुणावर काढायचा हे तिला कळेना, म्हणून तिने तो त्याच्यावरच काढला.

"चला मागे. चला म्हणते ना!"

आवारातल्या जुन्या गाडीच्या दारावर लांब ओरखडा होता. मागच्या काचेवर कुणाच्या तरी पोराने चिकटवलेला मासा अर्धवट खरवडलेला होता. तो सवयीने चालकाच्या दाराकडे वळला.

"तिकडे नाही. मागे बसा."

"मागे? मी?"

"बसा."

त्याने बूट झटकले आणि मधल्या सीटच्या कडेवर बसला. पुढच्या सीटला लागू नयेत म्हणून गुडघे आखडून घेतले. पट्ट्यासाठी त्याचा हात भलत्याच बाजूला चाचपडत राहिला.

"टेकून बसा की नीट!" ती खेकसली. आवाज चिरकला, तशी तिने मान फिरवली.

तो टेकला.

तिने दारातून आत वाकून त्याच्या छातीवर बोट टेकवलं.

"एक," ती म्हणाली, आणि मग बाकीच्या जागा मोजू लागली.