निकाल आधी, लंगडी नंतर

गिरगावातल्या भागूबाई धैर्यवान प्राथमिक कन्याशाळेतल्या मुलींनी यंदा काय काय केलं, हे शाळेच्या अहवालात सविस्तर दिलं आहे. मुलींना तो वाचून दाखवला तेव्हा त्यांना फार आश्चर्य वाटलं.

जूनमध्ये त्यांनी वृक्षारोपण केलं. वृक्ष म्हणजे दारातल्या कुंडीतली तगर. ती सलग चौथ्या वर्षी लावण्यात आली. कुशाबा शिपाई आदल्या दिवशी तिला उपटतो, मुली दुसऱ्या दिवशी लावतात, आणि तगर बिचारी दोन्ही सोसून फुलते. जुलैमध्ये वाचन सप्ताह झाला. अठ्ठावीस मुलींनी अठ्ठावीस पुस्तकं तोंडापुढे धरली, फोटो झाला, आणि मळू नयेत म्हणून पुस्तकं लगेच कपाटात गेली. एका मुलीने पान उलटलं होतं. तिला समज देण्यात आली. सप्टेंबरात विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखी होता. तो नेमका धनेश सरांच्या मोबाइलमधली जागा भरलेली असताना उसळला. सर म्हणाले, "थांब थांब, परत कर." खायचा सोडा संपला होता. मग कुशाबाने टेबलाखाली बसून नळीतून साबणाचा फेस फुंकला. अहवालात त्याची नोंद 'यशस्वी उद्रेक' अशी आहे.

मुख्याध्यापिका राधा नवलकर बाईंचं याबाबत एकच सूत्र होतं. "फोटो नसेल तर उपक्रम झालाच नाही." खात्याच्या पोर्टलवर दर महिन्याला सहा उपक्रम चढवावे लागत. मुली एकसष्ट, शिक्षक चार. शिकवायला वेळ उरत नाही हे बाईंनाही मान्य होतं. पण शिकवण्याचा फोटो काही चांगला येत नाही, त्याला कोण काय करणार?

क्रीडा दिन डिसेंबरात. शाळेला मैदान नाही. पुढे एक फरसबंद चौकोन आहे, पण तिथे संस्थेच्या अध्यक्षांची मोटार खेळते. म्हणून शेजारच्या वाडीचं पटांगण सकाळी आठ ते दहा मागून घेतात. दहाला तिथे कुणाच्या तरी लग्नाचा मांडव पडायचा असतो. प्रमुख पाहुणे अर्थात अध्यक्षच, देवदत्त धैर्यवान. भागूबाई त्यांची पणजी. त्यांना साडेआठला दातांच्या डॉक्टरकडे जायचं असतं. गेली अकरा वर्षं दर क्रीडा दिनाला त्यांचा एक दात दुखतो, आणि तोंडात अजून बरेच दात शिल्लक आहेत.

यातून शाळेत एक प्रथा पडली. बक्षीस समारंभ आधी, शर्यती नंतर. सव्वाआठला तीन पायऱ्यांचा ओटा मांडतात, ज्यांचे मोजे पांढरे आणि रिबिनी सरळ अशा तीन मुलींना त्यावर चढवतात, अध्यक्ष ढाल देतात, फोटो होतो. अध्यक्ष गेले की मुली आपल्या पळायला मोकळ्या. यात कोणालाच वावगं वाटत नसे. लग्नातसुद्धा फोटोवाला सांगेल तेव्हाच हार घालतात.

वावगं वाटायचं ते एकट्या श्रेया घाडीला, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

श्रेया चौथीत. राहायची डिलाईल रोडच्या चाळीत. पण आजी लक्ष्मी शाळेसमोरच्या खाणावळीत पोळ्या लाटते, तेव्हा नातही रोज तिच्याबरोबर बसने गिरगावात. ती लंगडीत जी पटाईत होती ती शाळेच्या कृपेने नव्हे. त्यांच्या चाळीच्या गॅलरीत पाण्याची पिंपं, चपलांची कपाटं आणि कुणाची तरी कायमची मोडलेली सायकल यांतून एकाच पायापुरती वाट उरते. तिसरीत असताना लंगडीच्या शर्यतीत ती पहिली आली होती. पहिल्या आलेल्या मुलीला विभागाच्या स्पर्धेला वरळीला नेतात. तिथे खऱ्या मातीचं मैदान असतं, चुन्याच्या रेघा असतात, पाठीला नंबर लावतात. श्रेयाला तो नंबर हवा होता. पण वरळीला गेली ती फोटोतली मुलगी, कारण पोर्टलवर तिचं नाव चढलं होतं. चौथ्या उडीला ती पडली, आणि परत येताना बसमध्ये रडली.

यंदा श्रेयाचं शाळेतलं शेवटचं वर्ष. यंदा नाही तर मग नाहीच.

म्हणून क्रीडा दिनाच्या दिवशी तिने मोजे स्वतः धुतले होते. पण धुतलेले मोजे आणि पांढरे मोजे यांत फरक असतो. धनेश सरांनी रांगेवरून नजर फिरवली आणि तिसरीची ओवी, चौथीची मनू आणि अध्यक्षांची नात कादंबरी यांना बाहेर काढलं.

"सर, लंगडी अजून झालीच नाय," श्रेया म्हणाली.

"होईल गं. तू पाठी सरक, फ्रेममध्ये येतेयस."

कादंबरी मधल्या पायरीवर चढली. ती अंगाने गुबगुबीत, स्वभावाने गरीब आणि लंगडीला मरणाची भिणारी होती. आजोबांनी ढाल दिली, गालाला हात लावून "हं, आटपा" म्हटलं, आणि मोटार निघून गेली. आठ वाजून वीस मिनिटांनी फोटो पालकांच्या ग्रुपवर गेला. आठ पंचवीसला तो पोर्टलवर चढला: लंगडी, प्रथम, कादंबरी धैर्यवान. साडेआठपर्यंत ग्रुपवर एकोणतीस अंगठे आणि अकरा पुष्पगुच्छ जमले. शर्यत व्हायची होती.

एवढ्यात धनेश सरांचा चेहरा पडला.

"मॅडम, यंदा पोर्टल व्हिडिओ पण मागतंय. अंतिम फेरीचा. पूर्ण."

"म्हणजे?"

"म्हणजे फोटोत जी पहिली, ती व्हिडिओत पण पहिली यायला लागेल."

"मग बदला ना नाव."

"एकदा चढलं की उतरत नाय, मॅडम."

बाईंनी पटांगणाकडे पाहिलं. मुली रेघेवर उभ्या होत्या. श्रेया एका पायावर आधीच तयार होती. कादंबरी दोन पायांवरसुद्धा डळमळत होती.

"लावा शर्यत," बाई म्हणाल्या. त्यांचा स्वभाव आशावादी होता.

कुशाबाने शिट्टी फुंकली. श्रेया दुसऱ्या टोकाला पोचली तेव्हा कादंबरी निम्म्यावर होती.

"शिट्टी नीट वाजली नाही," बाई म्हणाल्या. "परत."

"वाजली की, बाई," कुशाबा म्हणाला. "पलीकडच्या बिल्डिंगीतला कुत्रा उठला."

"कुशाबा, तुला विचारलं का?"

दुसऱ्यांदाही श्रेयाच. या वेळी रेघ वाकडी निघाली. ती कुशाबानेच दोरी धरून आखली होती. त्याने पायाने ती पुसली आणि त्याच जागी तीच रेघ पुन्हा आखली. बाईंनी ती पाहून "आता कशी!" म्हटलं. कुंपणाबाहेर खाणावळीतल्या बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. मधोमध लक्ष्मी आजी, कोपरापर्यंत पीठ.

"धनेश मास्तर," आजीने हाक मारली, "लंगडी घालताहात की चपात्या? कितीदा उलटतलात?"

बायका खिदळल्या. धनेश सरांनी ऐकलं नाही. ते श्रेयाजवळ गेले आणि खाली वाकले. त्यांचा आवाज एकदम गोड झाला, आणि तो गोड झाला की मुलींना धोक्याची घंटा वाजल्यासारखं वाटे.

"श्रेया बाळ, खेळाडू वृत्ती म्हणजे काय, माहितीय ना?"

"हो सर. परिपाठात पाठ केलीय."

"शाब्बास. मग जरा हळू जायचं."

"हळू गेलं की पाय टेकतो, सर. तुम्ही घालून बघा."

धनेश सर दोन वर्षांपूर्वी क्रीडा शिक्षक झाले. त्याआधी ते चित्रकलेचे होते, आणि दोन्ही विषय त्यांना सारखेच येत. त्यांनी लंगडी घालून पाहिली नाही.

नवलकर बाई पुढे झाल्या. साडेनऊ वाजून गेले होते. मांडववाले बांबू घेऊन दारात उभे होते. "हे बघ श्रेया," बाई म्हणाल्या, "कादंबरीच्या पुढे जायचं नाही. समजलं? गेलीस तर शर्यतच रद्द करीन. कोणीच वरळीला जाणार नाही."

श्रेयाने मान हलवली. ती आज्ञाधारक मुलगी होती. प्रगतिपुस्तकात तसा शेराही आहे.

तिसऱ्यांदा शिट्टी झाली. सरांनी मोबाइल वर धरला. श्रेया सुटली, नेहमीसारखी, टप टप टप, आणि दुसऱ्या रेघेच्या वीतभर अलीकडे येऊन थांबली. पाय न टेकता. एका पायावर, जागच्या जागी बारीक उड्या मारत. ओवी आणि मनू आल्या. त्यांनी श्रेयाकडे पाहिलं आणि त्याही थांबल्या. मग मागच्या सगळ्या आल्या आणि थांबल्या. कादंबरीच्या पुढे जायचं नाही हे सगळ्यांनीच ऐकलं होतं. रेघेच्या अलीकडे बारा मुली एका पायावर उडत होत्या आणि लग्नाचा मांडव दारात खोळंबला होता.

शेवटी कादंबरी आली. लालबुंद, घामाघूम, रिबीन सुटलेली.

"ये बाळ, ये!" बाई ओरडल्या. "दोनच उड्या! पुढे हो!"

कादंबरी श्रेयाच्या शेजारी आली. धापा टाकत म्हणाली, "बाई, पहिली आले तर वरळीला जावं लागतं?"

"हो तर! केवढा मान आहे!"

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर!"

कादंबरीने वर बाईंकडे पाहिलं, खाली रेघेकडे पाहिलं, आणि दुसरा पाय शांतपणे जमिनीवर टेकवला. दोन्ही पायांवर उभं राहून तिने असा काही श्वास सोडला की जणू तिचाच दात निघाला होता.

"मी बाद," ती म्हणाली.

"टेकला नाही! टेकला नाही!" बाई म्हणाल्या.

"टेकला, बाई." कादंबरीने खात्रीसाठी पाय पुन्हा एकदा आपटला. "हा बघा."

ओवीने पाय टेकला. मग मनूने टेकला. ज्यांचे पाय दुखत होते त्या बाकीच्यांनीही संधी साधली. एकटी श्रेया उडत राहिली. तिने बाईंकडे पाहिलं. बाद झालेल्या मुलीच्या मागे राहायचं तर कसं राहायचं, हे बाईंनी सांगितलं नव्हतं.

"गो बाय," कुंपणाबाहेरून आजी ओरडली, "आता मुहूर्त बघतंस काय? मार उडी!"

श्रेयाने मारली. कुशाबाने शिट्टी फुंकली, आणि ती या वेळी पलीकडच्या गल्लीतही ऐकू गेली असावी. धनेश सर शेवटपर्यंत व्हिडिओ घेत राहिले. बंद करायचं त्यांना सुचलं नाही. पोर्टलला तो पूर्ण हवा होता, आणि चढवायला दुसरा कुठला नव्हता.

पण अनुभवी माणूस अडत नाही. बाईंनी खात्याला पत्र लिहिलं की नाव भरताना लिपिकाकडून अनवधानाने चूक झाली. शाळेला लिपिक नाही. फोटो मात्र तोच राहिला, नुसती खालची ओळ बदलली: 'ढाल स्वीकारताना श्रेया घाडी (मध्यभागी).' वर कादंबरी हसते आहे. देवदत्तरावांनी तो पाहून नातीचं नाव चुकल्याची तक्रार केली. तेव्हा त्यांचा दात दुखत नव्हता.

जानेवारीत कुशाबा श्रेयाला घेऊन वरळीला गेला. सरांना त्या दिवशी हस्तकलेचा उपक्रम चढवायचा होता. मैदानाच्या दारात टेबल टाकून बसलेल्या साहेबांनी यादीतला फोटो पाहिला, मुलीकडे पाहिलं, परत फोटो पाहिला.

"ही ती वाटत नाही."

"तीच, साहेब," कुशाबा म्हणाला. "फोटो शर्यतीआधीचा आहे. मग तीनदा पळवली, सुकली पोर."

साहेबांनी नंबर दिला. सत्तेचाळीस. श्रेयाने तो पाठीला लावून घेतला आणि मागे हात नेऊन चाचपून पाहिला. मोजे कादंबरीने दिले होते. शुभ्र पांढरे, विलायती रबराचे.

तेवढ्यात एक गृहस्थ हातात माइक घेऊन आले. "मुख्य पाहुण्यांना लवकर निघायचंय. विजेत्यांचा फोटो आधी उरकून घेऊ." त्यांनी रांगेवर नजर फिरवली. ती पायांपाशी आली आणि थांबली. "हां. सत्तेचाळीस, तू ये. वरच्या पायरीवर उभी राहा."

श्रेयाने कुशाबाकडे पाहिलं. कुशाबा समुद्राकडे पाहत होता.

"शर्यत झाल्यावर बोलवा," श्रेया म्हणाली.

"नंतर साहेब नसतील."

"नसू देत."

त्या गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. मग त्यांनी तिच्या मागच्या मुलीला बोलावलं, तिचेही मोजे बरे होते.

शर्यत झाली. मैदान खऱ्या मातीचं होतं, रेघा चुन्याच्या होत्या. श्रेया तिसरी आली. पहिल्या दोघी कोळीवाड्यातल्या होत्या आणि उडताना त्यांचा पाय जमिनीला लागतच नव्हता. त्या वेळी मैदानात पाहुणे नव्हते, ओटा नव्हता, फोटोवाला जेवायला गेला होता.

दुसऱ्या दिवशी नवलकर बाईंनी विचारलं, "फोटो?"

"नाही, बाई," कुशाबा म्हणाला.

"मग काय लिहू मी?" असं म्हणून बाईंनी काहीच लिहिलं नाही. शाळेच्या अहवालात जानेवारीत हस्तकला आहे, हळदीकुंकू आहे, तगरीला पाणी घालण्याचा उपक्रम आहे. वरळी नाही.

शाळेच्या दाराशी सुविचाराचा फळा आहे. त्यावर रोजचा सुविचार कुशाबाच लिहितो. त्या दिवशीच्या सुविचाराचा फोटो सकाळी साडेसातलाच चढवून झाला होता. आठला कुशाबाने फळा पुसला आणि त्यावर लिहिलं: 'श्रेया घाडी. लंगडी. वरळी. तिसरी.' फोटो झालेला असल्यामुळे फळ्याकडे मग कोणीच पाहिलं नाही. पुढचे आठ दिवस धनेश सर जुनेच सुविचार चढवत राहिले.

लक्ष्मी आजी मात्र रोज पोळ्या आटपल्या की रस्ता ओलांडून यायची आणि तो फळा वाचायची. तिला वाचता येत नाही. कुशाबा वाचून दाखवायचा, आणि ती म्हणायची, "परत वाच."