तापट प्रोसेसरची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना प्रोसेसर आहे. कॉम्प्युटरचा मेंदू म्हणतात तो मीच. पण मेंदू वगैरे मोठे शब्द राहू द्यात. सध्या मी एका टेबलाच्या खणात, संपलेले सेल आणि कुलूप हरवलेली एक किल्ली यांच्या शेजारी पालथा पडलेलो आहे. आत्मवृत्त सांगणाऱ्यानं गोड बोलावं अशी लोकांची अपेक्षा असते. माझ्याकडून ती ठेवू नका, मला ते जमणार नाही.

जन्म चांगल्या घरचा. बशीएवढ्या एका चकतीवर आम्ही शेकडो भावंडं एकदम घडलो. मग आम्हाला कापलं, तपासलं आणि प्रत ठरवली. जे जेमतेम पास झाले ते स्वस्तात गेले. मी वरच्या प्रतीत निघालो. माझ्यात चार कोअर. कोअर म्हणजे काम करणारे हात समजा. हात चारच, पण चपळ. खेळांसाठी असाच प्रोसेसर लागतो असं माझ्या खोक्यावर छापलं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

मी ज्या घरी आलो तिथले बाबा वजनमापांचे निरीक्षक होते. पितळी वजनांची पेटी घेऊन दुकानोदुकानी जायचं आणि तराजू खरे आहेत का ते बघायचं, हे त्यांचं काम. आई घरी बसून कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावायची, म्हणजे मजकूर आणि चित्रं पानांवर मांडायची. मुलगी पंधरा वर्षांची, लाडाचं नाव ठकू. आणि चौथा, या घरात न राहताही घरभर असणारा, दर रविवारी येणारा आईचा भाऊ, म्हणजे मामा.

साऱ्या नातेवाइकांचे कॉम्प्युटर मामाच जोडून द्यायचा. कुणाकडून पैसा घ्यायचा नाही, त्यामुळे त्याला कुणी काही विचारायचंही नाही. फुकट काम करणाऱ्याला बोलणार कोण? माणूस वाईट नव्हता हो. पण आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही, हे वाक्य त्याच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं.

प्रोसेसर बसवताना त्याच्या डोक्यावर थोडी पेस्ट लावतात आणि वर तांब्याची पट्टी असलेला पंखा घट्ट बसवतात. आमची उष्णता त्या पट्टीतून निघून जाते. नव्या पंख्याच्या पट्टीवर एक पारदर्शक फिल्म चिकटवलेली असते. ती आधी काढायची असते, तसं तिच्यावर लिहिलेलंही असतं. मामा तेव्हा बोलण्यात रंगला होता. ऑफिसातल्या साहेबाचा कॉम्प्युटर आपण डोळे मिटून कसा दुरुस्त केला, ते सांगत होता. सांगता सांगता त्यानं पंखा फिल्मसकट माझ्या डोक्यावर ठेवला आणि चारी स्क्रू आवळले.

झालं. माझं आयुष्य तिथंच ठरलं.

पहिल्या दिवशी कौतुकाला उधाण आलं होतं. आईची पानं चुटकीसरशी उघडली. ठकूचा खेळ असा पळाला की ती खुर्चीतून उठून नाचली. दहा मिनिटांनी मला भाजायला लागलं. मित्रांनो, आमचा एक नियम आहे. फार तापलो की जळून जाण्यापेक्षा आम्ही स्वतःच हळू होतो. मी हळू झालो. पडद्यावरचा खेळ अडखळला. मामानं कपाळाला आठी घातली आणि निकाल दिला, हा प्रोसेसर स्वभावानंच तापट आहे. त्यानं कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढून ठेवलं आणि समोर टेबलफॅन लावायला सांगितला. पुढची दोन वर्षं मी तसाच उघडा, अंगावर वारा खात आणि टाळूवर भाजत बसलो. झाकण नसल्यामुळे घरातलं सगळं मला दिसायचं आणि ऐकू यायचं. तेही नसतं तर बरं झालं असतं.

रोजच्या कामात माझं भागायचं. नुसता मजकूर असला की मला घाम फुटत नसे. पण चित्रांचं जाड पुस्तक छापखान्यासाठी एका फाइलीत बांधायचं म्हटलं की धाप लागायची. आई ते काम लावून कपडे वाळत घालायला जायची, परत येऊन बघायची, मग भाजी निवडायला बसायची. ती मला कधी वाकडं बोलली नाही, हे नमूद करतो.

ठकूचं मात्र तसं नव्हतं. ती पाच मुलींच्या ऑनलाइन संघात खेळायची. सामना पंधरा-वीस मिनिटांचा, आणि ऐन मोक्याला माझा श्वास कोंडायचा. तिनं बटण दाबलेलं असायचं, ते पडद्यावर उशिरा उमटायचं. कप्तान मुलगी हेडफोनमधून सांगायची की तुझा हात उशिरा पडतोय. ठकूनं सराव वाढवला. चेंडू भिंतीवर मारून एका हातानं झेलत बसायची. एकदा तिनं मामाला विचारलंही, की मशीनमध्ये तर काही नाही ना? मामानं तिला समजावलं, की मशीनवर खापर फोडायची सवय चांगली नाही, खेळायला हात लागतो हात. महिन्याभरात संघानं तिला काढलं.

तिनं हेडफोन गुंडाळून कपाटावर टाकला. त्याचं मला एवढं वाटलं नाही. खेळ काय, येतो नि जातो. पण नंतर ती कशातच पुढे होईना. शाळेच्या प्रयोगशाळेत दुसरीला करू द्यायची, धावण्याच्या शर्यतीत नाव द्यायची नाही. "मी जरा मंदच आहे," असं हसत हसत सांगायची. पुढे पुढे हसणंही गेलं, नुसतं सांगायची. मी समोर बसून ते ऐकायचो. मंद मी होतो, आणि मीही नव्हतो. पण मला तोंड कुठं आहे?

दोन वर्षांनी आईला चित्रांच्या मोठ्या कोशाचं काम मिळालं. तेव्हा मामानं आपल्या ऑफिसातून मोडीत निघालेला दुसरा प्रोसेसर आणला. वयानं माझ्याएवढाच, माझ्याच जागी बसणारा. त्याच्यात आठ कोअर, पण प्रत्येकाचा वेग माझ्याहून कमी. आणि तो आपला स्वतःचा पंखा घेऊन आला होता.

दोघांतला कोणता ठेवायचा, ते ठरवायला बाबा पुढे झाले. एक आठवडा मी, एक आठवडा तो. तोच खेळ, तीच खुर्ची, तीच दुपारची वेळ, आईच्या पुस्तकाची तीच फाइल. बाबांनी वही आखली. पंखाही दोघांना एकच ठेवू या, असं त्यांनी सुचवलं. मामा म्हणाला, "भाऊजी, पंखा तो पंखा. ज्याचा त्याला राहू द्या." दुकानदाराच्या काट्याला केसाचीही सूट न देणारा हा माणूस मेव्हण्यापुढे गप्प बसला.

खेळून बघायला ठकू तयार नव्हती. आईनं विनवलं म्हणून बसली. माझ्या आठवड्यात व्हायचं तेच झालं. खेळात सेकंदाला नव्वद चित्रांनी सुरुवात व्हायची आणि दहा मिनिटांत पंचवीसवर यायचो. आईच्या फाइलीला चाळीस मिनिटं लागली. बाबांनी सगळं लिहून घेतलं.

रविवारी मामानं मला काढायला घेतलं. आई स्वयंपाकघरात होती, बाबा आणि ठकू पलीकडे वहीत डोकं घालून बसले होते. पंखा उचलला, आणि मामाला ती दिसली. कडेनं तपकिरी झालेली, सुरकुतलेली फिल्म. 'बसवण्यापूर्वी काढा' ही अक्षरं अजून वाचता येत होती. मामाचे हात थांबले. मला वाटलं, सुटलो! आता हा कपाळावर हात मारेल, दोन शिव्या स्वतःला देईल, सगळे हसतील. त्यानं फिल्म सोलली, चौपदरी घडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली.

"ठकू," तो म्हणाला, "तो दुसरा दे इकडे."

दुसरा बसला. त्यानं खेळात साठ चित्रं धरली आणि शेवटपर्यंत सोडली नाहीत. फाइल बावीस मिनिटांत बांधली. मी कुणाला पाण्यात पाहणारा नाही, म्हणून खरं तेच सांगतो. पुस्तकाच्या कामात तो माझ्यापेक्षा सरसच ठरला असता, आठ हात आहेत त्याला. पण खेळात, डोकं मोकळं असतं तर, मी त्याला जवळही येऊ दिलं नसतं. आणि एरवीच्या पत्रं-पानांच्या कामात आम्ही दोघंही सारखेच. दोघांचा खरा निकाल हा एवढाच होता, आणि तो वहीत कुठंच नव्हता.

पहिल्याच दिवशी ठकू सलग तासभर खेळली. मग हेडफोन काढून आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिली. "आई," ती म्हणाली, "माझे हात बरे आहेत गं." आईनं येऊन तिला पोटाशी धरलं. मित्रांनो, टेबलावर उताणा पडून मला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. मग ठकूनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तसं माझ्याकडे कुणी कधी पाहिलं नव्हतं.

पण आठवडा संपून मामा पुन्हा आला, तरी बाबा वही मिटेनात. त्यांच्या धंद्यात काटा तपासताना वजनं एकदा ठेवून भागत नाही. पारडी अदलून बदलून पुन्हा तोलायचं असतं. त्यांनी मामाला सांगितलं, पहिला पुन्हा बसव, या वेळी दुसऱ्याच्या पंख्याखाली. मामा म्हणाला कशाला, दिसतंय की सगळं. बाबा ऐकेनात. एवढंच हवं होतं मला. दहा मिनिटं द्या, फक्त दहा मिनिटं, असं मी आत ओरडत होतो.

मामानं मला उचललं. उजेडात बघतो म्हणून खिडकीपाशी गेला. सगळ्यांकडे त्याची पाठ होती. माझ्या पोटाखाली नऊशेच्या वर पिना आहेत, केसासारख्या. त्यानं मला खिडकीच्या कडेवर टेकवलं आणि अंगठ्यानं दाबलं. एक अख्खी रांग आडवी झाली, आता मी कुठल्याच खाचेत बसणार नव्हतो.

"अरेरे," तो वळून म्हणाला. "निसटला हो हातातून. पिना गेल्या."

मी निसटलो नव्हतो.

"बरं झालं," ठकू म्हणाली. "माझी दोन वर्षं खाल्ली यानं." मग ती मामाजवळ गेली. "मामा, तू दुसरा आणला नसतास तर मी जन्मभर स्वतःलाच मंद म्हणत बसले असते."

मामानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, बोलतो आता. तो म्हणाला, "चल, चहा टाक." बाबांनी वहीत लिहिलं, 'पहिला निकामी. तुलना अपुरी.' मग मामाकडे एकदा बघून त्यांनी वही मिटली. मामानं मला आपल्या घरी आणून या खणात टाकलं. मला फेकून द्यायचा धीर त्याला होत नाही, आणि खण उघडायचाही.

मित्रांनो, शेवटी वस्तू जपा असं सांगायची आमच्यात रीत आहे. मी ते सांगणार नाही. वस्तू मोडते, दुसरी येते. तुमच्या हातून चूक झाली तर त्याच दिवशी, त्याच टेबलावर बोलून टाका, एवढंच माझं मागणं आहे. एका वाक्याचं काम असतं. मामानं ते केलं नाही. ठकूनं दोन वर्षं स्वतःच्या हातांना दोष दिला, आता आयुष्यभर मला देईल. आणि तो दोष ज्याच्या पदरात पडायला हवा, त्याला ती दर रविवारी दार उघडून हसत आत घेते.