जनरल जे बोलला नाही

माझ्या सासऱ्यांना जर्मनीत, आमच्या वोल्फ्सबुर्गमध्ये बघण्यासारखं काही सापडेना, म्हणून त्यांनी अमेरिकेचं युद्ध बघायला घेतलं. रोज दुपारी तीनला, वॉशिंग्टनची सकाळ झाली की तिथला संरक्षणमंत्री आणि चार ताऱ्यांचा एक जनरल पत्रकारांसमोर उभे राहायचे, आणि इकडे आमच्या हॉलमध्ये बाबा वही उघडायचे. साताऱ्याच्या कॉलेजात तीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस. व्हिसा तीन महिन्यांचा आणि वही दोनशे पानी.

"मंत्र्याकडे बघायचंच नाही," ते मला सांगायचे. "त्याला राष्ट्राध्यक्षाची मर्जी राखायची असते. तू जनरलच्या तोंडाकडे बघ. तो काय बोलत नाही, ते लिहून घ्यायचं."

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण ते युद्ध ज्या आखातात चाललं होतं, तिथेच माझा धाकटा भाऊ मयुरेश अकरा दिवस अडकला होता. तेलाच्या टँकरवर थर्ड इंजिनिअर, या हुद्द्यावरची पहिलीच फेरी. आईला त्याने सांगितलं होतं की जहाज सिंगापूरला आहे, आणि आईचं बीपी बघता मीही रोज फोनवर तिच्याशी सिंगापूरच्या उकाड्याच्या गप्पा मारत होते.

त्या गुरुवारी सकाळी त्याचा मेसेज आला. त्याच रात्री अमेरिकन नौदलाच्या सोबतीने जहाज सामुद्रधुनीतून बाहेर काढणार होते. ज्याला यायचं असेल त्याने सही करायची. ज्याला नसेल त्याने संध्याकाळच्या लाँचने बंदरावर उतरायचं. तो त्याचा हक्कच, नोकरीला धक्का नाही. 'लाँच तुमच्या चारला सुटते, त्याच्या आत फोन करतो. बघू.'

बघू! माझा जीव टांगणीला लावून हा म्हणतो बघू.

बाबांनी मेसेज दोनदा वाचला. "आज जनरलने स्वतःच्या तोंडाने 'सुरक्षित' म्हटलं, तर जाऊ दे पोराला. नाही म्हटलं, तर उतरव. ठरलं?"

"ठरलं," मी म्हणाले. ऑफिसात चाचणीचा रिपोर्ट बघितल्याशिवाय कोणाच्या बापावर विश्वास न ठेवणारी मी, भावाचा जीव एका अनोळखी माणसाच्या तोंडावर टांगून मोकळी झाले.

होम ऑफिस होतं. लॅपटॉपवर बेश्प्रेखुंग, म्हणजे ऑफिसची मीटिंग, चालली होती, आणि मी कॅमेरा बंद करून स्वयंपाकघर ते बाल्कनी फेऱ्या मारत होते. धुतलेले डबे पुन्हा धुतले. नवऱ्याला, हृषिकेशला, तीन फोन केले. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "आल्झो, हे बघ वासंती, मी प्लांटमध्ये आहे गं. इथून मी काय करू?" त्याचं बरोबरच होतं, म्हणून मला आणखी राग आला.

तीन वाजता मंत्री आला. केस चापून बसवलेले, टाय लालभडक. मार्ग खुला आहे, आमचं नौदल सोबत आहे, जहाजं शंभर टक्के सुरक्षित आहेत, असं तो टेबलावर बोट आपटून सांगत होता. जनरल मागे हात बांधून उभा. शेवटी एका पत्रकार बाईने थेट त्यालाच विचारलं, "जनरल, तुम्हीही हेच म्हणाल का?"

तो एक पाऊल पुढे आला. माइक खाली केला, मंत्र्याकडे न बघता म्हणाला, "मंत्रीसाहेबांनी सांगितलं त्यात मला भर घालायची नाही." आणि पुन्हा मागे गेला.

बाबांनी वही मिटली. "संपलं. उतरव त्याला."

"पण तो नाही असंही म्हणाला नाही ना, बाबा."

"अगं, गणवेशातला माणूस युद्धात साहेबाला नाही म्हणत नाही, तो असा गप्प बसतो. आणि ती गप्प बसल्याची किंमत जहाजावरची पोरं मोजतात. उतरव!"

चाराला दहा कमी असताना फोन आला.

"ताई, निघतोय बरं का!" इतका मोठा, इतका खुशीत आवाज, मागे वारा. "म्हटलं निघायच्या आधी तुला सांगावं."

आमचं माहेर हर्णैचं. आजोबा शिडाच्या मचव्यावर, वडील जहाजावर. घरातला माणूस बोटीवर निघाला की त्याला टोकायचं नाही, हे आम्ही बोलायला लागायच्या आधी शिकलो. कुठे निघालास म्हणायचं नाही, थांब म्हणायचं नाही. एकदा लहानपणी मी वडिलांच्या मागे "नको ना जाऊ" म्हणून धावले, तर आईने अंगणातच मुस्काटात मारली होती. सतरा वर्षं जर्मनीत काढली, या सगळ्याला बावळटपणा म्हणून हसले. आणि आता तो "निघतोय" म्हणाला तशी माझी दातखीळ बसली.

"ताई? आहेस ना?"

"आहे रे."

"मग... निघू?"

"सांभाळून," मी म्हणाले. "पोचलास की फोन कर."

तो म्हणाला, "बरं," आणि फोन बंद झाला.

बाबा समोरच उभे होते. "सांगितलं नाहीस?"

"निघालेल्या माणसाला कसं टोकू, बाबा?"

त्यांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. आजवर मला एका शब्दाने न बोललेला माणूस ओरडला, "त्या जनरलला निदान नोकरी सांभाळायची होती! तुला काय सांभाळायचं होतं?"

मी रडायला लागले. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, स्वतः लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला.

"मयुरेश, मी दिनकरकाका बोलतोय, ताईचा सासरा. ऐक, मी तुला टोकतोय. पाप लागायचं ते मला लागू दे. जाऊ नकोस, उतर."

"काका..." मागे इंजिनाची घरघर येत होती. "लाँच आत्ताच सुटली हो."

"अरे, चार वाजायचेत अजून!"

"उतरणारा मीच एकटा राहिलो होतो, मी नाही म्हटल्यावर ते कशाला थांबतील? बॅगही खाली नेऊन ठेवली होती. थर्ड इंजिनिअर झाल्या झाल्या पळाला म्हणतील, म्हणून पाय निघत नव्हता. ताई एकदा नको म्हणाली असती ना, तर तिच्या नावावर खपवून उतरलो असतो. त्यासाठीच फोन केला होता." मग घाईघाईने म्हणाला, "तिला हे सांगू नका हं, काका."

फोन स्पीकरवर होता.